आमच्या गाईडच्या कॅप्टनबाई गेल्या, आठवणी इथे लिहा

अबोली

मंडळी, सोलापूरच्या आमच्या शाळेतल्या गाईडच्या (म्हणजे मुलींच्या स्काउटच्या) बाई मागच्या आठवड्यात गेल्या. वय झालं होतं, गेली काही वर्षं अंथरुणालाच होत्या. घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही आणि शाळेचंही नको, पण १९७५ ते १९९५ च्या दरम्यान पूर्व भागातल्या मुलींच्या शाळेत ज्या होत्या त्यांना नुसतं कॅप्टनबाई म्हटलं तरी पुरे. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, पण भूगोलाच्या बाई असं त्यांना कोणीच म्हणायचं नाही.

पेपरात दोन ओळींची बातमी आली, निवृत्त शिक्षिका एवढंच. ते वाचून फार वाईट वाटलं म्हणून हा धागा काढतेय.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यांचं घरी येणं. सोलापूरबाहेरच्यांना सांगायला हवं, पूर्व भाग म्हणजे आमचा पद्मशाली वस्तीचा भाग, घरात तेलुगू, बाहेर मराठी, बापे माणसं मागावर नाहीतर मिलमध्ये आणि बायका घरोघरी विड्या वळणाऱ्या. माझी आईपण वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा मापाचा तुकडा ठेवून कात्रीने पान कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. हजार विड्यांवर मजुरी. शाळेतून आलं की आम्ही बहिणी तोंडं दुमडायला आणि बंडलं बांधायला बसायचो, त्याशिवाय हजार व्हायच्याच नाहीत. आता अशा घरातल्या आठवीतल्या मुलीला चार रात्री कॅम्पला पाठवा म्हटल्यावर आई काय म्हणणार? आई म्हणाली नाही, वडील म्हणाले अजिबात नाही, आजी म्हणाली वयात आलेली पोरगी रानात झोपायला जाणार होय.

बाई संध्याकाळी आल्या. सायकलवरून यायच्या, नऊवारी नेसणाऱ्या बायकांच्या गल्लीत पाचवारीतल्या मास्तरीण बाई सायकलवरून, पोरं मागे पळायची. ओसरीवर आईच्या समोर मांडी घालून बसल्या, कॅम्पचं नावही काढलं नाही, सूप ओढून घेतलं आणि म्हणाल्या मला शिकवा. त्यांना तेलुगू येत होतं, मोडकंतोडकं नाही, चांगलं, शाळेत लागल्यावर शिकून घेतलेलं. तासभर बसून त्यांनी पाच-सहा विड्या वळल्या, त्या सगळ्या आईने उलगडून परत वळल्या आणि आई हसायला लागली. मग जाताना उंबऱ्यात उभं राहून विचारलं, चार दिवस ही नसेल तर तुमच्या किती विड्या कमी पडतात? वडिलांना वाटलं बाई पैसे देणार, ते चिडलेच. बाई म्हणाल्या पैसे नाही, आम्ही आधीच भरून काढू.

आणि खरंच भरून काढलं. कॅम्पच्या आधीचे रविवार आमचं अख्खं पेट्रोल (म्हणजे सहा-सात मुलींचा गट, आमचं मोगरा पेट्रोल) माझ्या घरी, मग दुसरीच्या घरी, असं करत बसलं. त्यात अशाही मुली होत्या ज्यांनी कधी पूर्व भागातल्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मी कॅम्पला गेले. आमच्या घरातली रात्रभर घराबाहेर राहिलेली मी पहिली मुलगी.

तुमच्या आठवणी लिहा, सगळ्या. चांगल्याच पाहिजेत असं नाही.

रानवारा

भावपूर्ण श्रद्धांजली. मी १९८८ ची बॅच, झेंडू पेट्रोल. बातमी तुझ्या धाग्यामुळेच कळली. आज काही लिहवत नाही, उद्या येते परत.

माळरान

माझा प्रश्न आगाऊ वाटला तर माफ करा, खरंच माहीत नाही म्हणून विचारतो. आमच्या शाळेत स्काउट म्हणजे २६ जानेवारीला संचलन आणि एरवी खाकी कपडे एवढंच होतं, सरांनी सह्या केल्या की झालं. मुलींच्या गाईडमध्ये नक्की काय शिकवायचे? इतकं प्रेम बसावं असं काय होतं त्यात?

पारिजात

@माळरान, आगाऊ अजिबात नाही. मी पुण्याची, या बाईंना एकदाच भेटलेय (ते पुढे सांगते) पण स्वतः बरीच वर्षं गाईड कॅप्टन होते म्हणून उत्तर देते.

तुम्ही पाहिलंत ते बऱ्याच शाळांमधलं चित्र आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण पद्धत म्हणून ती फार विचार करून बांधलेली आहे. लहान मुली बुलबुल, मग साधारण दहा वर्षांपासून गाईड, त्यानंतर रेंजर. गाईडला प्रवेश झाला की प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि त्याच्या वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीवर गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा, मागोवा चिन्हं, स्वयंपाक, तंबू, सेवा. पण खरी गोष्ट पेट्रोल. सहा ते आठ मुली, त्यांची पुढारी त्यांच्यातलीच एक, आणि सगळ्या पुढारी मिळून मानसभेत बसतात, कॅम्पला कुठे जायचं, पैसे कसे उभे करायचे, कोणाचं चुकलं तर काय करायचं हे त्या ठरवतात. कॅप्टनने तिथे शक्यतो गप्प बसायचं असतं. बहुतेक शाळांत नेमकं हेच होत नाही, बाईच सगळं ठरवून मोकळ्या होतात, मग उरतं ते संचलन.

इतिहासही सांगते, कारण ही चळवळ मुलींना कोणी आयती दिलेली नाही. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा मेळावा होता तिथे काही मुली स्वतःच टोप्याबिप्या घालून जाऊन उभ्या राहिल्या, आम्हीपण स्काउट आहोत म्हणाल्या. मग १९१० मध्ये स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलच्या बहिणीने, ॲग्नेसने, गाईडचं काम हातात घेतलं. लगेच पुढच्या वर्षी, १९११ ला, आपल्याकडे जबलपूरला पहिली कंपनी (म्हणजे गाईडची तुकडी) निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स झालं आणि १९५१ मध्ये गर्ल गाईड्स त्यात आल्या.

अबोली

पारिजातताई, क्रिस्टल पॅलेसची गोष्ट! बाई दर जूनमध्ये नव्या मुलींना ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगायच्या आणि "न बोलावता गेल्या" हे तीनदा म्हणायच्या.

@माळरान, सह्यांचं म्हणाल तर आमच्या बाईंची सही मिळणं फार अवघड होतं. जीवनरक्षक गाठ, म्हणजे बोलाइन, ती समोर बसून बांधली तर त्या बघायच्याच नाहीत. डोळे मिटून, एक हात पाठीमागे, दुसऱ्या एका हाताने स्वतःच्या कमरेभोवती, असं करायला लावायच्या. विहिरीत पडलेल्या माणसाचा एक हात कशाला तरी धरलेला असणार, दोन्ही हात मोकळे मिळतील असं समजू नका म्हणायच्या. मला अजून येते. परवा गॅलरीत कपड्यांची दोरी बांधताना हात आपोआप तसाच गेला.

गोकर्ण

अबोली, तू चांगल्याच पाहिजेत असं नाही म्हणालीस म्हणून लिहिते.

बाईंनी मला द्वितीय सोपानात दोनदा थांबवलं. प्रथमोपचारात. झोळी बांधायची होती, हात मोडलेल्या माणसाला स्कार्फची त्रिकोणी झोळी. मी बांधली, चौरस गाठ बरोबर, कोपराजवळचं टोक नीट खोचलेलं. बाईंनी येऊन माझ्या मैत्रिणीच्या मानेवर बोट ठेवलं. गाठ मानेच्या हाडावर आली होती, ती गळपट्टीच्या हाडाच्या वर, बाजूच्या खळग्यात पाहिजे. "हिला तासभर असं बसव आणि मग विचार कुठे दुखतंय." एवढं बोलून पुढे गेल्या. सगळ्या मुलींसमोर. आणि महत्त्वाचं म्हणजे नंतर बरोबर केल्यावरही शाबास म्हणाल्या नाहीत, सही केली आणि पुढची मुलगी.

मला त्यांच्याबद्दल आदर आहे, खूप आहे. पण कौतुकाचा एक शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. घरीही कोणी कौतुक करत नव्हतं, निदान त्यांनी करायला हवं होतं असं मला आजही वाटतं. आणि दुसरं, पूर्व भागातल्या मुलींवर त्यांचा जास्त जीव होता. आमच्याकडच्या, म्हणजे शहरातल्या, नोकरदार घरांतल्या मुलींना त्या गृहीत धरायच्या. माझ्या घरी त्या एकदाही आल्या नाहीत.

रानवारा

गोकर्ण, कौतुकाचं पटलं. मलाही कधी शाबास मिळाली नाही. बाईंचं कौतुक म्हणजे पुढच्या वेळी जास्त अवघड काम मिळणं, आणि ते कळायला फार वर्षं गेली. चौदा वर्षांच्या मुलीला ते कसं कळावं.

पण घरी आल्या नाहीत याचं कारण मला वाटतं सरळ आहे, तुझ्या घरून परवानगी मिळत होती. ज्या घरी नकार मिळणार तिथेच त्या जायच्या. आमच्या घरी तर त्या इतक्या वेळा आल्या की माझे चुलते त्यांना दारात बघितलं की चप्पल घालून मागच्या दाराने जायचे!

आमच्या घरचा प्रश्न वेगळाच होता. अबोलीने लिहिलंय ना, ज्या मुलींनी पूर्व भागातल्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यांच्यासारखीच मी. रविवारी मैत्रिणीकडे विड्या वळायला बसणार म्हटल्यावर आईने घर डोक्यावर घेतलं. आमच्या मुलीने तंबाखूला हात लावायचा नाही, आणि खरं सांगायचं तर नुसता तंबाखूच नव्हता त्यामागे, कोणाच्या घरी बसायचं, कोणाच्या घरचं पाणी प्यायचं हेही होतं. बाईंनी आईशी वाद घातला नाही. म्हणाल्या बरोबर आहे, तंबाखूला हात लावायचा नाही, ती पाणी भरेल. मग मी रविवारी जाऊन सार्वजनिक नळावरून पाणी भरायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायचे, भाकऱ्या करायचे. भाकऱ्या कोण करतंय आणि कोण खातंय हे आईला नंतर कळलं, तोवर दोन कॅम्प होऊन गेले होते.

माळरान

वाचतोय. एक शंका आहे, रागावू नका. शाळकरी मुलींना विड्यांच्या कामाला बसवणं हे एका शिक्षिकेने करणं बरोबर होतं का? आजच्या काळात कोणी केलं तर तक्रार होईल.

सूपभर

मी उत्तर देते. मी त्या घरांतलीच एक, पेट्रोल कमळ, १९८४ ते १९८७. एरवी मी इथे फक्त वाचते.

साहेब, आम्ही बसतच होतो. बाई यायच्या आधीपासून बसत होतो, रोज बसत होतो, सणालाही बसत होतो. माझी थोरली बहीण चौथीत शाळा सोडून बसली. ते चूक आहे हे बाईंना कळत नव्हतं असं नाही, त्या शाळेत हेडबाईंशी भांडायच्या, पालकांच्या सभेत बोलायच्या, पण सभेला आमच्या आया येत नव्हत्या कारण सभेला आलं की शंभर विड्या बुडतात. मग त्या घरी यायला लागल्या. त्यांनी रविवारचं जे काम काढलं त्यात एक अट असायची, आई वळत असताना एका मुलीने मोठ्याने धडा वाचायचा, बाकीच्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकायचं, मग पाळी बदलायची. माझी आई निरक्षर, पण तिला त्या वर्षी आमचा इतिहासाचा अख्खा धडा तोंडपाठ झाला होता, परीक्षेच्या आधी तीच मला विचारायची पुढं काय झालं सांग.

मी दहावीपर्यंत पोचले ते त्या रविवारांमुळे. पोरगी बाईंच्या गाईडमध्ये आहे, मधे काढली तर बाई परत दारात येतील, या भीतीने घरच्यांनी मला काढलं नाही. हे असंच आहे, मी वाढवून सांगत नाही लई.

आणि गोकर्ण, तुझं दुःख समजतं. पण आमच्यावर जीव जास्त होता म्हणतेस, तर आम्ही बोलणीही जास्त खाल्ली, एवढंच सांगते.

माळरान

ताई, धन्यवाद. माझं उत्तर मिळालं.

गोकर्ण

सूपभर, हे मला खरंच माहीत नव्हतं. आपण एका कंपनीत होतो आणि धडा वाचायची पद्धत मी आज ऐकतेय. आमचं पेट्रोल तुमच्याकडे कधी आलं नाही.

निशिगंध_यूके

मी कालपासून हा धागा परत परत उघडतेय. १९९० ते १९९४, मोगरा. १९९३ बद्दल कोणीतरी लिहील म्हणून थांबले होते, मग मीच लिहिते.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या, सगळं शहर थकून झोपलेलं आणि ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरातही घरं हलली, भांडी पडली, आम्ही सगळे रस्त्यावर. आपल्याकडे फार काही झालं नाही असं वाटत असतानाच सकाळी बातम्या यायला लागल्या, सास्तूर, किल्लारी, उमरग्याकडची गावंच्या गावं. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जखमींना सोलापूरच्या दवाखान्यांत आणायला लागले.

आम्ही मोठ्या मुली उत्साहाने बाईंकडे गेलो, आम्हाला गावात घेऊन चला, आम्हाला स्ट्रेचर करता येतं, प्रथमोपचार येतो. बाईंनी साफ नाही म्हटलं. तिथे सैन्य आहे, डॉक्टर आहेत, तुम्ही गेलात तर तुमच्यासाठी पाणी आणि जागा लागेल, ती त्यांच्यातली जाईल. आम्हाला फार राग आला होता. मग त्यांनी दोन कामं दिली.

पहिलं कपडे. गावभरातून मदत म्हणून कपड्यांचे ढीग आले होते, त्यात काय नव्हतं, फाटके परकर, बटणं तुटलेले शर्ट, लग्नातले शालू. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये बसून ते वेगळे केले, बाईमाणसाचे, बाप्याचे, लहान मुलांचे, मापाप्रमाणे. बटणं लावली, नाड्या ओवल्या. जे फाटकं ते बाजूला, एकही फाटका कपडा गाठोड्यात जाता कामा नये. "त्यांचं घर गेलंय, अब्रू गेलेली नाही," हे त्यांचं वाक्य माझ्या लक्षात आहे, तेव्हाचा आवाजही.

दुसरं काम दवाखान्यात, फक्त नववी-दहावीच्या मुलींना, त्याही ज्यांच्या घरून चिठ्ठी आली त्यांनाच. कोणाला हात लावायचा नाही, मलमपट्टी नाही. वही आणि पोस्टकार्डं घेऊन खाटेशी बसायचं, नाव, गाव, घरात कोण कोण होतं, बाहेरगावी कोण नातेवाईक आहे ते विचारून लिहून घ्यायचं आणि त्यांच्या वतीने पत्र टाकायचं. मी एका आजींच्या शेजारी बसले होते, त्या पुण्याला दिलेल्या मुलीचा पत्ता आठवायचा प्रयत्न करत होत्या, गल्लीचं नाव आठवेना, "दळणाच्या गिरणीच्या वर" एवढंच परत परत म्हणायच्या. मी रडायला लागले. बाई आल्या, माझ्या हातातली वही घेतली, स्वतः बसल्या आणि विचारलं गिरणीतून उतरलं की देऊळ उजव्या हाताला का डाव्या? मग दुकान कुठलं? असं विचारत विचारत अर्ध्या तासाने पेठेचं नाव निघालं. पत्र गेलं. मुलगी आली की नाही ते कळलं नाही, आम्हाला नंतर दुसऱ्या वॉर्डात पाठवलं होतं.

मी आज नर्स आहे, इंग्लंडमध्ये. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटांशी बोलताना मी अजून तसंच विचारते, उजव्या हाताला काय होतं, डाव्या हाताला काय होतं. आमच्या वॉर्डात नवीन मुलींना मी ते शिकवते.

इथे मी आठवड्यातून एक संध्याकाळ ब्राउनीज घेते, आपल्या बुलबुलच्या वयाच्या मुली. त्यांना बिनभांड्याचा स्वयंपाक शिकवायचा ठरवला तर आधी किती कागद भरावे लागले सांगू नका, पण केला.

पारिजात

निशिगंध, वाचून काही सुचेना.

आता मी भेटले ते सांगते. पुण्यात आळंदी रोडला संगम आहे, गाईडचं जागतिक केंद्र. जगात अशी मोजकी केंद्रं आहेत, एक स्वित्झर्लंडला, एक मेक्सिकोत, एक लंडनला, आणि आपलं हे पुण्यात, १९६६ साली लेडी बेडन-पॉवेल स्वतः उद्घाटनाला आल्या होत्या. पुण्यातल्या कितीतरी लोकांना शेजारून जाताना आत काय आहे ते माहीत नसतं. २२ फेब्रुवारीला, बेडन-पॉवेल पतीपत्नी दोघांचाही वाढदिवस त्या दिवशी, जगभर चिंतन दिन करतात. अशा एका चिंतन दिनाला तुमच्या बाई सोलापूरहून मुली घेऊन आल्या होत्या, रात्रभर एसटीने.

परदेशातल्या मुली होत्या, सगळ्या आपापल्या देशाचं काही ना काही दाखवत होत्या. सोलापूरच्या मुली आधी भिंतीला चिकटून उभ्या. मी यजमानांपैकी, मला वाटलं आपण जाऊन ओळख करून द्यावी, म्हणून निघाले तर बाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, थांबा जरा. बराच वेळ गेला, मला अवघडल्यासारखं झालं. मग त्यांच्यातली एक किडकिडीत मुलगी पुढे झाली, तिने पिशवीतून दोरा काढला आणि परदेशी मुलीच्या हातात एक टोक देऊन गाठ बांधायला सुरुवात केली. भाषा कोणालाच येत नव्हती. थोड्या वेळाने सगळा घोळका खाली जमिनीवर बसलेला, एकमेकींना गाठी दाखवतायत. त्यानंतर मीसुद्धा माझ्या मुलींच्या मधे पडणं कमी केलं.

सूपभर

पारिजातताई ती किडकिडीत मुलगी मी होते!! दोरा विडीचाच होता, आईच्या रिळाचा. आईला न सांगता घेतलेला.

अबोली

आता मात्र अंगावर काटा आला.

चौरसगाठ

नमस्कार, मी धाकट्या बॅचची, १९९५ ची, बाईंचं शेवटचं वर्ष. त्या वर्षीचा कॅम्प हत्तरसंग कुडलला होता, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथला शके ९४० चा मराठी शिलालेख आता सगळ्यांना माहीत झालाय, आम्ही मात्र देवळाच्या जवळ चुली मांडून वांगी निखाऱ्यात भाजत होतो आणि कणकेच्या वळ्या काठीला गुंडाळून शेकत होतो, बाहेरून करपलेल्या, आतून कच्च्या, सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या.

त्या कॅम्पला शेवटच्या सकाळी मागोवा होता. बाणांची, दगडांची चिन्हं बघत जायचं आणि शेवटी वर्तुळात एक टिंब, म्हणजे "मी घरी गेले". बाईंनी तेव्हा सांगितलं होतं की केनियात न्येरीला बेडन-पॉवेल यांच्या थडग्याच्या दगडावर हेच चिन्ह कोरलंय. बाईंच्या मुलाशी माझं बोलणं झालं, बाईंसाठीही हे चिन्ह कुठे कोरायचं का असं मी त्यांना विचारलं तर म्हणाले आईने असलं काही नको म्हणून सांगून ठेवलंय, फोटोला हारसुद्धा नको. वचनविधीतही (म्हणजे गाईडचं वचन घेताना) बाई स्वतः ईश्वराच्या जागी धर्म हा शब्द घ्यायच्या, नियमांत तशी मुभा आहे, आणि आम्हाला सांगायच्या की तुमचं तुम्ही ठरवा. देवळात त्या कधी दिसल्या नाहीत, पण गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) होम मैदानावर चुकलेल्या मुलांच्या मंडपात दर वर्षी आम्हाला घेऊन उभ्या. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आम्ही पळालो तर ओरडायच्या नाहीत, परत आल्यावर पाण्याचे हंडे भरायला लावायच्या, बस्स.

मुलाने एक निरोप दिलाय. बाईंच्या कपाटात कंपनीची जुनी लॉगबुकं आहेत, आपल्याच हस्ताक्षरातली, चित्रं काढलेली, वाळकी पानं चिकटवलेली. काहींना वाळवी लागलीय. त्यांना घर आवरायचंय, आपण घेऊन जातो का विचारलंय.

रानवारा

घेऊन जायचीच! मी सोलापुरातच आहे, गाडी आहे, मी आणते.

आणि बाईंच्या नावाने काहीतरी करूया का? माझ्या मनात शाळेत फिरती ढाल द्यावी असं आहे, दर वर्षी उत्कृष्ट गाईडला.

गोकर्ण

ढाल नको असं माझं स्पष्ट मत. ज्या बाईंनी वीस वर्षांत कोणालाच उत्कृष्ट म्हटलं नाही त्यांच्या नावाने एकीला उत्कृष्ट ठरवायचं? पैसे गोळा करायचे असतील तर कॅम्पच्या फीसाठी करूया. शाळेत आता गाईडची कंपनी आहे का तरी?

चौरसगाठ

आहे, नावाला. नवीन मॅडम आहेत, तरुण, बेसिक कोर्स झालाय, मन लावून करतात पण कॅम्पला मुली मिळत नाहीत म्हणाल्या. विड्या कमी झाल्या तिथे, आता आया टॉवेल शिवायला आणि धुण्याभांड्याला जातात, मग धाकट्या भावंडांकडे मुलगीच बघते. फी हा प्रश्न आहेच पण मुख्य म्हणजे चार दिवस मुलगी घरात नसली तर घर कोण बघणार.

सूपभर

म्हणजे तेच की.

फीसाठी पैसे मी देते, जमेल तितके. पण मी आता रिटायर झालेय, पूर्व भागातच राहते, तेलुगू येतं. नवीन मॅडमना म्हणावं ज्या घरी नाही म्हणतात त्या घरांची नावं मला द्या. मी जाते बरोबर. चार दिवस पोरं सांभाळायला आपल्यातल्या चार-पाच जणी मिळाल्या तर बघू.

अबोली

मी येते. मी आता पुण्यात असते पण आठवडाभर सुट्टी काढून येईन.

रानवारा

मीपण. भाकऱ्या माझ्याकडे.

निशिगंध_यूके

मला येता येणार नाही, पण लॉगबुकं स्कॅन करायचा खर्च माझा. वाळवी लागलेली पानं घरी उलगडत बसू नका, नीट करणाऱ्याकडे द्या. आणि १९९३ च्या वहीत दवाखान्यातल्या लोकांची नावं-गावं असतील तर ती पानं कृपा करून कुठेही ऑनलाइन टाकू नका.

गोकर्ण

हे बरोबर. मीही येते. माझ्याकडे प्रथमोपचाराची माझी जुनी वही आहे, नवीन मॅडमना उपयोगी पडली तर देईन.

अबोली

ठरलं तर मग. लॉगबुकं रानवारा आणि चौरसगाठ मिळून आणतील, मुलाला फोन करून वेळ घ्या. सूपभरताई नवीन मॅडमना भेटतील, मी त्या दिवशी आले तर बरोबर येते, व्यनि (खाजगी निरोप) करा. पैशाचं सध्या कोणी काही पाठवू नका, आधी किती मुलींच्या घरून नाही म्हणतात ते कळू दे. कॅम्प डिसेंबरमध्ये असतो म्हणून नावं दिवाळीच्या आधी मिळायला हवीत. १९७५ ते १९८० च्या बॅचपैकी इथे अजून कोणीच आलेलं नाही, कोणाच्या बहिणी, आत्या, मावश्या असतील तर त्यांना लिंक पाठवा. आणि माझ्या पहिल्या कॅम्पचं मोगरा पेट्रोलचं लॉगबुक त्या कपाटात नसलं तर कोणाकडे आहे ते बघा, निळं कव्हर, आत चुलीचा नकाशा आहे.